पाठीवरचे वळ

माझ्याकडे लोक दोनच कामांसाठी येतात. बाई मेली की बोलवायला येतात, नाहीतर मरता मरता वाचली की सोडायला येतात. एरवी रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. मुडद्यांना न्हाऊ घालणारीचं तोंड सकाळी सकाळी कोणाला बघायचंय? भाजीवालीसुद्धा माझ्याशी घासाघीस करत नाही, म्हणते, घे बाई आणि निघ. एवढा एकच फायदा आहे या कामात.

सगळे मला खाला म्हणतात. सख्खी मी कोणाचीच नाही, पण मावशी म्हटलं की माणसाला ओरडता येतं, आणि ओरडायला मला आवडतं. गुस्ल द्यायचं, म्हणजे मय्यतीला शेवटची आंघोळ घालायचं काम मी सासूकडून शिकले. सासू जिवंत बायकांशी कधी धड बोलली नाही. मेलेल्यांशी मात्र लोण्यासारखी वागायची, पाणी कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. मी बाळंत झाले तेव्हा माझ्यासाठी कोणी एवढं बघितलं नव्हतं, असो.

या कामाला दोघी लागतात. एकीने अंग धुवायचं, दुसरीने पाणी ओतायचं. माझी जोडीदारीण म्हणजे पाणीवाली. सगळा मोहल्ला तिला याच नावाने ओळखतो. आम्ही दोघी एकाच गल्लीत सुना म्हणून आलो, आगेमागे विधवा झालो आणि एकमेकींशी भांडत भांडत म्हाताऱ्या झालो. तिचा हात हलका. घाई नाही, शिंतोडा नाही. केसही तीच बघायची. मय्यतीच्या केसांच्या तीन वेण्या घालतात. जिच्या केसांना जन्मात कोणी मायेने हात लावला नाही तिच्याही वेण्या पाणीवाली अशा घालायची, की जणू पोरगी आता उठून कुठेतरी पाहुणी जाणार आहे.

आणि या कामाचा एक दंडक आहे. चादरीखाली जे दिसेल ते चादरीखालीच ठेवायचं. मेलेल्याचा ऐब, म्हणजे काही व्यंग, काही उणं दिसलं तर झाकायचं, बाहेर येऊन चार बायकांत चघळायचं नाही. चांगला दंडक आहे. माझ्याही अंगावर झाकण्यासारखं बरंच आहे.

पण झाकायचं म्हणजे बघायचंच नाही असं थोडंच आहे? डोळे काय घरी ठेवून जायचे? बायकांच्या पाठी आम्ही इतक्या बघितल्या की विचारू नका. परतताना पाणीवाली हळूच बोलायची, फक्त माझ्याशी. ही पट्ट्याची. ही नुसत्या हाताची, अंगठी होती बोटात. हे पिवळं पडलंय, जुनं आहे. शिंपी नुसत्या नजरेने माप सांगतो तसं ती वळ बघून सांगायची. आणि शेवटी नेहमी एक वाक्य टाकायची: पण ही त्याने नाही गेली गं, तापाने गेली. किंवा ही त्यानेच गेली. मला त्या हिशेबाचा संताप यायचा. मी म्हणायची, तुला काय डॉक्टरीण व्हायचंय? ती म्हणायची, बघून बघून कळतं. कुठल्या माराने बाई मरते आणि कुठल्या नाही, ते आता मला कळतं.

एकदा एक नवी नवरी आली आमच्या हाताखाली. हातावरची मेंदी उतरली नव्हती. तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही, दंडक म्हणजे दंडक. पण तिथून निघाले ती तडक मशिदीच्या कमिटीपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मेलेल्या बाईबद्दल मी तोंड उघडणार नाही, कबूल. पण जिवंत बाई माझ्या दारात आली तर मला कोणी अडवायचं नाही. कमिटीत सगळे शहाणे. माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा त्यांनी हो म्हटलं.

माझं घर दुमजली. खाली सुताराचा कारखाना, वर तीन खोल्या. एका दवाखान्याने जुन्या लोखंडी खाटा दिल्या, कमिटीने गाद्या दिल्या, एक वकीलबाई येऊन कायद्याचं सांगू लागली. असं ते आसऱ्याचं घर सुरू झालं. नवऱ्याने हाकललेल्या, मुलाने हाकललेल्या, पोरांना काखेत मारून पळून आलेल्या, सगळ्या वर. नियम एकच ठेवला: पुरुषाने जिना चढायचा नाही. नवरा नाही, बाप नाही, भाऊ नाही. कोणी चढायला लागलाच तर सुतार हातात रंधा घेऊन नुसता उभा राहायचा. बोलायचा काही नाही, पण त्याचे दंड बघून माणूस परत जायचा. बायका मात्र येऊ शकायच्या. आई भेटायला आली तर तिला कोण अडवणार?

पाणीवालीला हे घर आवडायचं. गाद्यांना खोळी तिनेच शिवल्या. कोणी नवी बाई आली की हीच तिच्या जखमांना मलम लावायची, आणि मला स्वयंपाकघरात येऊन सांगायची, वाचेल ही, काळजी नको.

मग एका दुपारी तिचीच धाकटी लेक जिना चढून आली.

तिला आम्ही बुलबुल म्हणायचो. बोलायला लागली ती थांबलीच नाही म्हणून. माझ्या हातात जन्मलेली पोर. दाई पोहोचली नव्हती तेव्हा, आणि मेलेल्यांना धुणाऱ्या या हातांनी एकाच जित्या जिवाला पहिली आंघोळ घातली, ती हिला. त्या दुपारी हातात एक पर्स, अंगावर घरातला झगा, वरून ओढणी. मी दार उघडलं तर म्हणते, खाला, तुझ्याकडे खाट रिकामी आहे का, की रांगेत उभी राहू? आणि हसली. हसताना खांदा वर झाला आणि तिथेच तिचं हसू मोडलं.

तिचा नवरा एसी दुरुस्त करायचा. गोड बोलणारा, सगळ्यांच्या घरात आधी चप्पल काढून मग सलाम करणारा. त्याच्या सासूला तर तो म्हणजे आकाशातून पडलेला हिरा. बुलबुलने सांगितलं, लग्नानंतर वर्ष बरं गेलं. मग जेवण निवलं म्हणून. मग फोनवर कोणाशी बोललीस म्हणून. मग कशासाठीही. म्हणाली, खाला, मला खुला घ्यायचाय. मीच मागते सुटका, मला त्याच्याकडचं काही नको. आणि अम्मीला सांगू नकोस. मी म्हटलं, तुझी अम्मी रोज इथे येते, तिला काय मी खाटेखाली लपवू की तुला?

ती घरात आली आणि घराची कळाच बदलली. एक शाळेतली मास्तरीण होती आमच्याकडे, आल्यापासून भिंतीकडे तोंड करून निजायची. बुलबुलने तिच्या खाटेवर बसून तिला आपल्या नवऱ्याची नक्कल करून दाखवली, तो सासूपुढे कसा मान वाकडी करून बोलतो ती. मास्तरीण हसली. मी स्वयंपाकघरात ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपली. वकीलबाई आली, खुल्याचं बोलणं झालं, पोलिसांत तक्रार द्यायचं ठरलं. बुलबुल तयार होती. मनापासून तयार होती, हे मी शपथेवर सांगते.

पाणीवालीला कळायचं तेव्हा कळलंच. जावई रडत तिच्या दारात गेला होता, कुराणावर हात ठेवून म्हणाला, पुन्हा बोट लावणार नाही. ती वर आली तेव्हा मी पोरीजवळच होते. तिने काही विचारलं नाही. खिडकी लावली, दिवा लावला आणि म्हणाली, पाठ दाखव.

बुलबुलने झगा खांद्यावरून उतरवला. पाणीवालीने आपल्या लेकीच्या पाठीवर बोटं फिरवली. हीच बोटं, हाच हलका हात मी शेकडो पाठींवर फिरताना बघितला होता. तिने प्रत्येक वळ दाबून बघितला, बरगड्या मोजल्यासारख्या चाचपल्या, मग झगा वर ओढून बटण लावलं.

"हाताचे आहेत," ती म्हणाली. "या माराने बाई मरत नाही."

मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. तुझ्या डोळ्यांत माती पडलीय म्हटलं. लेक आहे की गिऱ्हाईक म्हटलं. मरत नाही म्हणजे काय, मरेपर्यंतचा सगळा मार माफ? पाणीवाली शांतपणे ऐकत होती, ती शांत राहिली की मी अजून पेटते. मग तिने आपलं सांगितलं. तिचाही नवरा मारायचा, ती मेली का? तोच आधी गेला, अंथरुणात, तिच्या मांडीवर. ती स्वतः मुलाच्या एका खोलीत पडद्याआड निजते, सुनेचं तोंड चुकवत. लेकीला कुठे ठेवणार? आणि इथे ठेवली तर उद्या लोक म्हणणार, दुसऱ्यांच्या जखमांना मलम लावणारीची स्वतःची लेक घर मोडून खाटेवर पडलीय. मी म्हटलं, म्हणू दे. लोकांच्या तोंडाला काय झाकण आहे? ती म्हणाली, तुला मूल नाही, तुला नाही कळायचं.

ते मला लागलं. माझं मूल जगलं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. मी गप्प झाले. नेमकी त्याच वेळी गप्प झाले.

बुलबुल इतका वेळ दोघींकडे बघत होती. तिने माझ्याकडे नाही, आईकडे तोंड वळवलं.

"अम्मी, तू नीट बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग ठीक आहे. अम्मीला कळतं, खाला."

जगातल्या कोणत्याही पोरीने आईचं ऐकलं असतं, पण हिला ते आईचं म्हणून नव्हे, जाणकाराचं म्हणून पटलं होतं. डॉक्टरने काही नाही म्हटल्यावर आपण कसे निवांत कपडे घालून उठतो, तशी ती उठली. मास्तरिणीला म्हणाली, माझी उशी घे, तुझीत कापूस कमी आहे. जिन्यावरून उतरताना मी तिला सांगितलं की तुझी खाट मी कोणाला देणार नाही. ती म्हणाली, दे गं, आणि खाली सुताराशी काहीतरी थट्टा करत निघून गेली.

त्यानंतर मी पाणीवालीशी बोलणं टाकलं. मय्यतीला जायचो बरोबर, पण मुकाट्याने. ती ओतायची, मी धुवायची. परतताना दोघी वेगवेगळ्या गल्लीने. बुलबुलचा फोन यायचा मधूनमधून, बरं चाललंय म्हणायची, मास्तरिणीची चौकशी करायची. मलाही वाटायला लागलं होतं की कदाचित म्हातारी बरोबर असेल, आणि तसं वाटलं की मला माझाच राग यायचा.

उन्हं टळटळीत होती त्या दिवशी. बुलबुलचा दीर सुताराच्या दारात आला, वर चढला नाही. खालूनच म्हणाला, वहिनी न्हाणीघरात घसरून पडल्या, गेल्या. गल्लीतल्या डॉक्टरने कागद लिहून दिलाय, दुपारच्या नमाजानंतर दफन आहे, तुम्ही चला. मी कशी पोहोचले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी पोहोचले तेव्हा पाणीवाली आधीच तिथे होती, पदर खोचून, आपला लोटा घेऊन. कामावर आल्यासारखी.

मी म्हटलं, तू बाहेर बस, मी दुसरी कोणी बोलावते. ती म्हणाली, माझी आहे. आईने लेकीला न्हाऊ घालायला कोणाची मनाई नाही. खरंच होतं ते. मी दार लावलं.

बुलबुल फळीवर होती, चादरीखाली. एवढी गप्प मी तिला जन्मात पाहिली नव्हती. पाणी अजून ओतलं नव्हतं. पाणीवाली म्हणाली, आधी मला पाठ बघू दे. आम्ही तिला कुशीवर वळवलं. पाठीवर जुने वळ होते, पिवळे, विरत आलेले. नवं काही नव्हतं. एकही नाही. पाणीवालीने पुन्हा पुन्हा बघितलं आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिचा चेहरा जवळजवळ सुटल्यासारखा झाला होता. बघ, तिचे डोळे म्हणत होते, घसरूनच पडली. मी चुकले नव्हते.

आम्ही तिला पुन्हा उताणी केली. मेलेल्या माणसाचा जबडा उघडा राहू नये म्हणून एक पट्टी बांधतात, हनुवटीखालून डोक्यावर. चार बोटांची पट्टी पुरते. बुलबुलला मात्र अख्खी ओढणी बांधली होती, हनुवटीखालून घेऊन पुढे गळ्याभोवती दोन वेढे. कोणी बांधलं असेल ते, पण हे काम करणारं माणूस असं बांधत नाही. पाणीवालीचा हात तिथे थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा.

गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं उमटली होती. अंगठे पुढे, मधोमध.

तिने सवयीने लोटा उचलला. लोटा खाली ठेवायला तिला जागा सापडेना, म्हणून मी तो तिच्या हातातून घेतला. माझ्या डोक्यात तर जाळ झाला होता. मी दाराकडे धावले असते, त्या माणसाचं नरडं धरलं असतं. पण पोर तिची होती. एकदा बोललं की काय होणार ते आम्हा दोघींना माहीत होतं. पोलिस येणार, गाडी येणार, परके पुरुष तिला उचलून नेणार, चिरणार, शीतपेटीत ठेवणार. आंघोळीविना, कफनाविना, मातीविना पडून राहणार. आमच्यात मेलेल्याला तिष्ठत ठेवत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींना आम्ही वेळेत पोहोचवलं होतं.

बाहेरून दार वाजलं. दीर म्हणाला, उरका, नमाजाची वेळ झाली.

पाणीवालीने चादर बुलबुलच्या हनुवटीपर्यंत ओढली, कडेने नीट दाबली, थंडीत झोपलेल्या पोराची दाबतात तशी. मग तिने स्वतः दार उघडलं. अंगणात सगळे उभे होते, जावईही होता, डोळे पुसत.

"आंघोळ होणार नाही," ती म्हणाली. "पोलिसांना बोलवा. हिला गळा दाबून मारलंय."

गलका झाला. दीर पुढे आला, आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाला, अम्मी, दुःखाने तुमचं डोकं फिरलंय. मय्यतीचं काही दिसलं तर झाकायचं असतं, हे तुम्हालाच का सांगायला हवं?

"मय्यतीचा ऐब झाकायचा असतो," पाणीवाली म्हणाली. "हा माझ्या लेकीचा ऐब नाही."

मग मी ओरडले. आता माझं काम होतं ते. अशी ओरडले की तीन गल्ल्यांतल्या बायका धावून आल्या आणि दारात बसल्या, आणि पोलिस येईपर्यंत कोणाला आत जाऊ दिलं नाही. गाडी आली. दोन पुरुषांनी बुलबुलला स्ट्रेचरवर घेतलं. पाणीवाली त्यांना म्हणाली, डोकं सांभाळा. गाडी वळेपर्यंत ती रस्त्यात उभी होती, आणि मग तिथेच, धुळीत, खाली बसली.

जावयाला नेलं. खटला चालू आहे, वकीलबाई म्हणते वेळ लागेल. घरात आता नियम बदललाय. आई असली तरी तिला खाली, सुताराच्या बाकड्यावर बसवतो. लेकीला वाटलं तर ती खाली येते. काही आया मला शिव्या देतात. देऊ देत.

बुलबुल परत मिळाली ती बऱ्याच दिवसांनी. हनुवटीपासून खाली टाके घातलेले, डोक्यावरही. दफनभूमीतल्या खोलीत नेली तिला. मी पाणीवालीला म्हटलं की आता तरी तू बाहेर थांब. ती म्हणाली, हात नको लावू तिला, नुसतं पाणी सोड, दुखेल. त्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. मी ओतलं, तिने धुतलं. टाक्यांवरून तिचा हात जात होता तेव्हा मी भिंतीकडे बघितलं, कारण मला रडायचं होतं आणि पाण्यात अश्रू पडू द्यायचे नव्हते.

केसांपर्यंत आलो. टाके टाळून टाळून तिने भांग पाडला, एक वेणी घातली, दुसरी घातली. तिसरीला तिची बोटं थांबली.

"त्या दिवशी तूही बघितली होतीस तिची पाठ," ती म्हणाली. आमचं बोलणं बंद झाल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलत होती. "खरं सांग. मरणाचे होते का गं ते वळ?"

सगळं शहर मला तोंडाळ म्हणतं. मी कमिटीला सुनावते, पोलिसांना सुनावते, माझ्या सासूलाही तिच्या मरणाच्या खाटेवर खरं तेच सुनावलं होतं. आणि त्या दिवशी त्या खोलीत मी हिला काय काय म्हटलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. माझ्या जिभेवर तेच शब्द पुन्हा आले. तिचे हात बघितले, केसांत अडकलेले.

"नव्हते गं," मी म्हटलं. "मलाही तसंच वाटलं होतं."

तिने केसांत अडकलेली बोटं सोडवली.

"खोटं बोलतेस," ती म्हणाली, आणि तिसरी वेणी घालायला घेतली.